डंकावरच्या जावा

नळी बाहेर आली. हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बधिर जिभेनं पहिला प्रश्न विचारला, "आता चटणी खाल्ली तर चालंल का?"

केळुसकर सर दुर्बीण नर्सच्या हातात देत होते, ते थबकले. आत्ताच त्यांनी या बाईच्या पोटात डोकावून पाहिलं होतं आणि तिथं जे दिसलं त्यानं त्यांचा चेहरा उतरला होता. बाईला मात्र चटणीची पडली होती.

"दोन तास पाणीसुद्धा नाही," सर म्हणाले.

"आनि दोन तासानं?"

दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईनं तिला दटावलं. "हौसे, डाक्टरास्नी बोलू तर दे. कवा बघंल तवा चटनी."

ही बायाक्का, हौसाबाईंची थोरली जाऊ. उंच, हाडकुळी, कपाळावर गोंदण आणि हातात फिरकीचा तांब्या. धाकटी ठेंगणी, गोल चेहऱ्याची. जयसिंगपूरजवळच्या एका गावात दोघींचा डंक, म्हणजे मिरच्या कुटायची गिरणी, होता. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे. चटणी म्हणजे कांदा-लसणाचं वर्षाचं लाल तिखट, आणि ते उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायचं. मिरचीचा असा अपमान मी तरी इतर कुठं पाहिलेला नाही, की तिला नावच उरू नये.

मी तिथं का होते ते सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट. माझे पेशंट काचेच्या पट्टीवर निजलेले असतात, ते बोलत नाहीत, हीच मला त्या कामातली मोठी सोय वाटायची. पण केळुसकर सरांचा हट्ट होता की पोटातून काढलेले तुकडे मी स्वतः येऊन घेऊन जायचे. वॉर्डबॉयच्या हातून आलेले तुकडे वाटेत सुकतात, असं त्यांचं म्हणणं. सर पोटाचे डॉक्टर. सांगलीच्या आमच्या ट्रस्टच्या इस्पितळात त्यांनी पोटाचे विकार आणि जंतू यांच्यावर संशोधन आरंभलं होतं. ही पंचाण्णव सालची गोष्ट. अल्सर जंतूमुळे होतो असं म्हटलं की आमचे निम्मे डॉक्टर तेव्हा हसायचे. तिखट, काळजी आणि जागरण, एवढ्यावर पोटाचं सगळं शास्त्र उभं होतं. हौसाबाईंनाही गावच्या डॉक्टरनं वर्षभर दूधभातावर ठेवलं होतं. त्यानं पोटाचं दुखणं काही थांबलं नाही, बाई तेवढी चिडचिडी झाली.

"वृंदा, नीट बघ," तुकड्यांची बाटली माझ्या हातात देताना सर हळू आवाजात म्हणाले. "मला तिथलं रूप आवडलं नाही."

स्लाइड तयार झाली आणि मी पाहिली. वरच्या चिकट थरात वाकडेतिकडे जंतू होते, स्वल्पविरामांची ओळ लावावी तसे. ते आम्ही शोधतच होतो. पण त्यांच्या खाली, जिथं असायला नकोत तिथं, प्रतिकारशक्तीच्या पेशींची दाटी झाली होती. नुसती सूज म्हणून सोडून द्यावी अशी ती दाटी नव्हती. त्या पेशी ग्रंथींत शिरून त्यांची मोडतोड करत होत्या. मी दोनदा पाहिलं, मग सरांना बोलावलं.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि सरळ होऊन त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"सर, बाईला कॅन्सर झालाय," मी म्हणाले. "आणि तुम्ही पेढे मागवायच्या बेतात आहात."

सर ओशाळले, पण डोळ्यांतली चमक काही जाईना. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"हे बघ, निरोगी जठरात या पेशींची वस्ती नसतेच. त्या जमतात या जंतूला हाकलायला. तो जात नाही, म्हणून आणखी जमतात. वर्षानुवर्षं. शेवटी गर्दीच आवरेनाशी होते, तीच ही गाठ. पण गर्दी अजून जंतूसाठी उभी आहे. कीर्तनातले बुवा उठले की लोक उठतात की नाही? जंतू मारला तर या पेशीही पांगतील. परदेशात थोड्या पेशंटमध्ये हे घडलंय. गोळ्यांनी, वृंदा. सुरी न लावता."

"आणि नाही पांगल्या तर?"

"तर सरनोबत आहेच."

डॉ. सरनोबत आमचे सर्जन. केळुसकर सरांचे वर्गमित्र, दोघे रोज दुपारी एका कपातला चहा दोन बशांत ओतून पीत आणि वाद घालत. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

"तुझे बुवा उठतील तेव्हा उठतील. मी मंडपच उचलतो. केळ्या, पोटात गाठ आहे. गाठ काढायची असते."

"एकदा गोळ्या देऊ दे. दोनेक महिन्यांनी पुन्हा बघू. फरक नसेल तर तुझी सुरी आणि तुझा मंडप."

सरनोबतांनी मान हलवली खरी, पण ती नाराजीनं हलवली.

दोघी जावांना समोर बसवून सगळं सांगायचं काम दोघा डॉक्टरांनी मिळून केलं. मी कोपऱ्यात उभी होते. गाठ आहे हे ऐकून बायाक्कानं तांब्या खाली ठेवला आणि जावेचा हात धरला. मग सरनोबतांनी ऑपरेशन म्हणजे काय ते सांगितलं. जठर काढायचं, आतडं वर जोडायचं. त्यानंतर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, मऊ खायचं.

"आनि चटणी?" हौसाबाईंनी विचारलं.

"चटणी विसरायची, मावशी."

"इसरून कसं चालंल?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बाया मिरच्या घिऊन येत्यात. भाजून, तेल लावून. कुटून झालं की मी चिमूटभर जिभंवर टाकती. लसूण कमी हाय, खोबरं जळालंय, मीठ घाल, ह्ये मी सांगती. त्यासाठी पाच गावच्या बाया आमच्या डंकावर येत्यात. न्हाईतर डंक काय, गल्लोगल्ली हायती. पोट काढल्यावर मी तितं काय करू? पोती उचलू?"

"वीस वर्सं तिच्या जिभंवर डंक चाललाय," बायाक्का म्हणाली. "मी नुसती मशीन चालवती."

हे सरनोबतांच्या पुस्तकात नव्हतं.

गोळ्या द्यायचं ठरलं. पंधरवडाभराचा कोर्स. दोन जातींची अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी एक कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. त्या काळी ती औषधं गावात सहज मिळत नसत. सरांनी ती संशोधनासाठी म्हणून खटपट करून आणलेली, प्रत्येक पाकीट त्यांच्या जिवाचं. ते पाकिटं हौसाबाईंच्या ओटीत घालत असताना बायाक्का म्हणाली, "डाक्टर, माजं बी पोट जळतंया. लई वर्सं झाली. मला बी द्या की ह्या."

"मग तुमच्याही पोटात बघू. उद्या उपाशीपोटी या."

बायाक्कानं त्या काळ्या नळीकडे पाहिलं. नर्स ती धुऊन टांगत होती.

"ती? त्यापरीस मी जळती."

"नळी नाही तर गोळी नाही," सर म्हणाले. ते गमतीनं म्हणाले, पण त्यांचा तो नियमच होता. पुरावा नसताना कुणाला औषध द्यायचं नाही.

हौसाबाईंनी एकदा जावेकडे पाहिलं, एकदा पाकिटांकडे, आणि पदराला गाठ मारली. जाताना दारातून वळून मला म्हणाल्या, "तुमी कशापायी गप? तुमी बी डाक्टरीणच न्हवं?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी तुसडंच दिलं असणार, कारण बायाक्का हसली.

थंडी संपली, ऊन तापायला लागलं. हौसाबाई पुन्हा तपासायला आल्या तेव्हा सर सकाळपासून तीनदा माझ्या खोलीत डोकावून गेले होते. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. गाठ होती तिथंच होती, होती तेवढीच होती. मी स्लाइड पाहिली. पेशी तशाच. आणि जंतूही होते. थोडे विरळ झाल्यासारखे, पण चांगले जिवंत.

"मावशी, गोळ्या घेतल्या ना?" सरांनी विचारलं.

"घेतल्या की. येक बी टाकली न्हाई."

"सगळ्या?"

"समद्या संपल्या. देवाची आन."

बाई खोटं बोलत नव्हती, हे मलाही दिसत होतं. सर खुर्चीत मागं टेकून बसले. इतका खचलेला माणूस मी त्या इमारतीत पाहिला नव्हता, आणि इस्पितळात खचलेली माणसं काही कमी नसतात. औषध पूर्ण घेऊनही जंतू टिकले असतील, तर आपल्या भागातले जंतू या औषधांना दाद देत नाहीत असा त्याचा अर्थ होता. म्हणजे पुढं यायचे पेशंट, त्यांच्यावर बांधलेल्या आशा, सगळंच कोसळत होतं. आणि या बाईचं जठर जाणार होतं.

सरनोबत चहाला आले ते बशी न उचलताच बोलले. "केळ्या, मी कसाई नाही. पण आणखी वाट बघितली आणि गाठ पसरली, तर तिच्या घरच्यांना कोण सांगणार? तू?"

"नाही," सर म्हणाले. "तू म्हणतोस तेच कर."

ऑपरेशनचा दिवस पुढच्या आठवड्यातला ठरला. हौसाबाईंनी तो ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "त्याच्या आदी सराई हुईल का? बायांच्या मिरच्या येऊन पडल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या घरची चटणी झाली का औंदा? घिऊन या. माझ्या हातची शेवटली हुईल."

हे वाक्य मला घरापर्यंत पुरलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं म्हणाली आहे तर जा. आमच्या आईचा चटणीच्या बाबतीत कुणावर विश्वास नसे. तिनं संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या, धने, तीळ, खोबरं, दगडफूल, सगळं आपल्या हातानं भाजून डब्यांत भरून दिलं, आणि रविवारी मी एसटीनं त्या गावी गेले.

डंक लांबूनच ऐकू आला. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी मुसळं एकामागून एक खाली येत होती आणि हवा लाल झाली होती. बायका तोंडाला पदर बांधून ओळीनं बसल्या होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि शिंकायला लागले ते थांबेचना. बायाक्का मशिनीशी होती, ती लांबूनच म्हणाली, "आली बघ डाक्टरीण. नाकानं वर्दी दिली."

आमच्या मिरच्या कुटून झाल्या. हौसाबाई पुढं झाल्या, चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. सगळ्या बायका थांबून त्यांच्याकडे बघत होत्या. "खोबरं लई भाजलंय. मिठाचं बोट कमी." आई ज्या गोष्टीसाठी कधी कुणाचं ऐकत नसे, ती गोष्ट या बाईनं चिमटीत सांगितली. मला एकदम रडू आलं. मिरचीच्या खकाण्यात रडणं कुणाला कळत नाही, तेवढं बरं.

दुपारी त्यांनी मला जेवायला बसवून घेतलं. मला वेगळं ताट. त्या दोघी मात्र एका परातीशी समोरासमोर बसल्या. भाकरी आली ती हौसाबाईंनी मधोमध मोडली, अर्धी आक्कापुढं, अर्धी आपल्यापुढं. कांदा बुक्कीनं फोडला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. अंडंसुद्धा दोऱ्यानं कापून अर्धं अर्धं.

"हे रोज असंच?" मी विचारलं.

"लगीन हून आली तवापास्नं," हौसाबाई म्हणाल्या. "सासू लई वस्ताद. म्हनली, जावा-जावा भांडत्यात त्या ताटावरनं. कुनाला जास्त वाढलं, कुनाला कमी. तवा दोगींनी येका ताटात जेवायचं, ज्ये आसंल त्ये निम्मं. येकटीनं काय खायचं न्हाई. म्हातारी मेली, तरी आमी काय ताटं येगळी केली न्हाईत."

"मग भांडण नाही झालं कधी?"

"व्हतं की रोज," बायाक्का म्हणाली. "पर जेवताना न्हाई."

जेवण झालं. उन्हात आणि आवाजात बायाक्काचं डोकं दुखायला लागलं होतं. ती कपाळ दाबत भिंतीला टेकली. हौसाबाई उठल्या, फळीवरच्या डबीतून डोकेदुखीची गोळी काढली, अडकित्त्यानं बरोबर मधोमध कातरली, अर्धी जावेला दिली आणि उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकून वर पाणी प्याल्या.

मी हात धुवायला निघाले होते, ती तिथंच उभी राहिले.

"तुमचंही डोकं दुखतंय?"

"न्हाई की."

"मग गोळी कशाला घेतलीत?"

"तिला येकटीला कडू खायाला लावू व्हय?" त्या म्हणाल्या. मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौसाबाई," मी म्हणाले. "सरांनी दिलेल्या गोळ्या. त्या कशा घेतल्यात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"त्या अडकित्त्यानं कातरंनात," हौसाबाई म्हणाल्या. "तवा मग सकाळची माझी, रातची हिची. हिचं बी पोट जळतंया की वो. आनि डाक्टर तिला देईनात."

"पन समद्या संपवल्या," बायाक्का घाईनं म्हणाली. "येक बी वाया घालवली न्हाई."

हसावं की या दोघींच्या पाठीत धपाटे घालावेत ते कळेना. मी आधी हसले, मग इतकी ओरडले की शेडमधल्या बायका दारात जमा झाल्या. जंतूंना अर्धं औषध म्हणजे औषधच नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. ते मेले नाहीत याचं कारण हे, आणि म्हणून पोट जाणार होतं. बायाक्काला ते आधी कळलं. तिचा चेहरा मिरचीच्या धुळीतसुद्धा पांढरा पडलेला मला दिसला.

"म्हंजी माझ्यापायी?" तिनं विचारलं.

"तुझ्यापायी काय न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "मी दिल्या म्हून तू खाल्ल्यास."

बायाक्का उठली, मशीन बंद केली. त्या सराईत, भरदुपारी, मिरच्यांच्या राशी पडलेल्या असताना तो डंक बंद झाला. "चल," ती मला म्हणाली. "मी येती. नळी घालू दे त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सरांसमोर बसलो होतो. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हे लिहायचं कसं? रुग्णानं औषध पूर्ण घेतलं नाही?"

"पूर्ण घेतलं, सर," मी म्हणाले. "फक्त दोन पोटांत."

सरनोबतांना मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, आणखी दोन महिने म्हणजे दोन महिने उशीर, आणि तो उशीर माझ्या नावावर नको. दोघा मित्रांची त्या दिवशी खरीखुरी जुंपली. मी मध्ये पडले, स्लाइड त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "सर, पहिली आणि दुसरी शेजारी बघा. जंतू विरळ झालेत, गाठ वाढलेली नाही. अर्ध्या औषधानं हे केलंय." सरनोबतांनी पाहिलं. सर्जन लोक सूक्ष्मदर्शकात बघतात ते बहुधा उपकार केल्यासारखं, पण ते नीट बघत राहिले. तेवढ्यात बायाक्का उठून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"डाक्टर," ती सरनोबतांना म्हणाली, "तिची सुरी दोन म्हैनं ऱ्हाऊ द्या. न्हाईच झालं, तर माझं बी पोट काढा तिच्यासंगं. मी बोलनार न्हाई."

सरनोबतांनी स्लाइड काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "केळ्या, दोन महिने. त्यानंतर एक दिवससुद्धा नाही." आणि बाहेर गेले.

बायाक्कानं नळी गिळली. आजवर मी नळीला घाबरणारी खूप माणसं पाहिली, पण इतकी घाबरलेली आणि इतकी गप्प बाई पाहिली नाही. हौसाबाई तिच्या उशाशी उभ्या होत्या, तिच्या दोन्ही मुठी आपल्या मुठीत धरून. "झालं, आक्का. झालं बघ. आतनं डाक्टर चटणी हुडकायलेत," असं काहीबाही बोलत होत्या. मी तुकडे घेऊन गेले. बायाक्काच्या पोटात गाठ नव्हती, पण जंतू तेच होते. नळी झाली होती, पुरावा मिळाला होता, आता गोळी मिळणार होती.

दोघींना दोन वेगळे कोर्स दिले. सरांनी आणखी एक सांगितलं. हे जंतू बहुतेक लहानपणीच पोटात येतात, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कसे जातात ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उष्ट्यातून जात असतील तर उगीच धोका नको, म्हणून तपासणी होईपर्यंत ताटं वेगळी करा. गोळीचं दोघींनी लगेच मान्य केलं. ताटाचं ऐकल्यावर मात्र हौसाबाई खाली बघत राहिल्या, आणि बायाक्का म्हणाली, "बरं. करतो."

मी दर आठवड्याला जायला लागले. काम होतं म्हणून नव्हे, उगीचच. गोळी दोघी समोरासमोर बसून गिळायच्या, एकमेकींची तोंडं उघडून बघायच्या. शेजारी दोन ताटं मांडलेली असत.

"पयल्या दिशी दोगींची बी भाकरी उरली," हौसाबाईंनी मला सांगितलं. "आख्खी भाकरी ताटात बघून पोटच भरलं."

वटपौर्णिमा झाली आणि दुर्बिणीचा दिवस आला. खोलीत सर, मी, नर्स, बायाक्का, आणि कामाशिवाय कधी तिथं न येणारे सरनोबत. सर आत बघत होते. मग त्यांनी दुर्बिणीवरून डोळा उचलला आणि सरनोबतांना म्हणाले, "ये. तू बघ." सरनोबतांनी पाहिलं. गाठ होती तिथं नुसता फिकट वळ उरला होता.

मी तुकडे घेतले. स्लाइड तयार होईपर्यंत मला दम धरवेना. जंतू नव्हते. पेशी पांगल्या होत्या, इकडे दोन, तिकडे चार, पंगत उठल्यावर रेंगाळणाऱ्या माणसांसारख्या. मी तीनदा पाहिलं. मग खिडकीशी गेले. खाली आवारात लिंबाच्या सावलीत दोघी जावा डबा उघडून बसल्या होत्या. मी वरूनच हाक मारली, "हौसाबाई! बुवा उठले!" त्यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा कळला असावा.

मी धावत खाली गेले तेव्हा बायाक्का रडत होती आणि हौसाबाई भाकरी मोडत होत्या. डब्याचं झाकण एकच, त्यात भाकरी अर्धी-अर्धी.

"आता चटणी खाल्ली तर चालंल का?" त्यांनी विचारलं. वाट न बघता त्यांनी बोट चटणीत बुडवलंसुद्धा.

पुढं केळुसकर सरांचं संशोधन चाललं. आणखी पेशंट आले, काहींच्या गाठी गेल्या, काहींच्या गेल्या नाहीत, आणि ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांना सरनोबतांनी वाचवलं. सर निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. सरनोबत अजून आहेत, मला भेटले की म्हणतात, "दोन पोटांत!" आणि एकटेच हसतात. मी मात्र कुणाला गोळ्या दिल्या गेल्या की आजही आमच्या डॉक्टरांना प्रत्येक पेशंटला विचारायला लावते, घरात आणखी कुणाचं पोट दुखतं का?

दर चैत्रात त्या दोघींकडून आमच्या घरी चटणी यायची. यंदा आली नाही. गावाकडून निरोप आला, बायाक्का गेली. नव्वदीला टेकली होती, झोपेतच गेली. मी गेले. डंक आता विजेच्या चक्कीसारखा बंदिस्त झालाय, नातसून चालवते. हौसाबाई आत बसल्या होत्या, पार सुकलेल्या, केस पांढरेशुभ्र. सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कार्य झाल्यापास्नं म्हातारी जेवत न्हाई. पोटाचं काय असंल तर बघा."

पोटाचं काही नव्हतं. मी हात लावून पाहिलं. आत्तापर्यंतच्या माझ्या नोकरीत इतकं निरोगी पोट मी कमी पाहिलंय.

सुनेनं परात आणून त्यांच्यापुढं ठेवली. हौसाबाईंनी भाकरी उचलली, मधोमध मोडली, अर्धी पलीकडच्या बाजूला ठेवली. अर्धी आपल्यापुढं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पलीकडची भाकरी तशीच होती.

मी पाय मोडून त्यांच्यासमोर बसले. साठी उलटलेल्या माणसाला जमिनीवर बसणं सोपं नाही, पण बसले. ती अर्धी भाकरी मी उचलली, चटणीला लावली आणि तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आलं, थोडं तिखटानं आलं.

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"उष्टं हाय न्हवं," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हनला हुता, ताटं येगळी."

"ते जंतू होते तोवर," मी म्हणाले. "जेवा आता."

त्यांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि निम्मा माझ्याकडे सरकवला.